पाकिटाची पाठ

मंगळवार, ३ मार्च

झोपले नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. का, तर माझ्यामुळे. मीच केलं ते.

खारूची साखर काल ४६! सत्तरच्या खाली गेली की धोका, हे मला दवाखान्यात दहा वेळा घोकवलं होतं. आजार तिला आहे, पण कालचं आजारानं नाही झालं. माझ्या हातानं झालं.

संध्याकाळी बिस्किटांचा छोटा पुडा दिला तिला. त्याच्या मागचा तक्ता वाचला. कर्बोदके – ६६. नर्सबाईंनी सांगितलंय, वीस कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन. म्हणजे तीन आणि वर थोडं. दोनदा बोटांवर मोजलं. तीन टोचले. वर स्वतःला शाबासकी पण दिली, की जमायला लागलं बाई!

तासाभरानं बघते तर पोर जमिनीवर बसून नुसती डुलतेय. पुढे-मागे, पुढे-मागे. घामानं फ्रॉक चिकटलेला. ओठ पांढरे. "खारू" म्हटलं, तर माझ्याकडे बघितलं तिनं, पण मी दिसतच नव्हते तिला. चार वर्षांची पोर. दोन्ही हातांत धरून कुरतडत खाते म्हणून खारू म्हणतो आम्ही. तिच्या हातातून कप पडला तरी तिला कळलं नाही.

सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी चमच्यानं साखरेचं पाणी घालत राहिले. अर्धं अंगावरच सांडलं. पंधरा मिनिटांनी ७९. मग रडायला लागली. ती रडली तेव्हा मला इतकं बरं वाटलं!

मग रात्रभर तिच्या नाकाखाली बोट धरून बसले. श्वास लागला बोटाला की पुढचा येईपर्यंत आपला बंद.

ही वही नर्सबाईंनी घ्यायला लावली. काय खाल्लं, किती टोचलं, साखर किती – असे तीन रकाने. ते पुढून लिहितेय. मागून हे.


बुधवार, ४ मार्च

पुड्याचं रिकामं पाकीट पर्समध्ये घालून नर्सबाईंकडे गेले. वाटलं, ओरडतील. नाही ओरडल्या. पाकीट सपाट केलं, उलटं केलं, पेनचं टोक ठेवलं. "हे काय लिहिलंय वाच."

वाचलं. दर शंभर ग्रॅममागे.

"आणि पुडा केवढा?"

पुडा पंचेचाळीस ग्रॅमचा. ते दुसऱ्याच कोपऱ्यात लिहिलेलं, मुंगीएवढ्या अक्षरात!

म्हणजे ६६ होते शंभर ग्रॅमला. माझ्या पोरीनं खाल्ले तीसच. दीड युनिट पुरलं असतं. मी दुप्पट टोचलं. बाईंनी हिशेब मांडून दाखवला.

मी म्हटलं, सहावीत शाळा सुटली माझी. हा शंभराचा हिशेब बहुतेक सातवीत असणार.

हसल्या. म्हणाल्या, "अगं, बी.ए. झालेले पण इथेच पडतात. पडले की माझ्याकडे येतात."

अजून एक निघालं. कर्बोदकांच्या खाली एक ओळ असते – त्यातली साखर. मी ती वेगळी धरून दोन-तीनदा वर मिळवत होते! बाई म्हणाल्या, "त्यातली म्हणजे त्याच्या पोटातली. पोटुशी बाई बसमध्ये चढली तर कंडक्टर दोन तिकिटं फाडतो का?" हे मात्र डोक्यात पक्कं बसलं.

आणि म्हणाल्या, "पाकिटाचं तोंड बघायचं नाही. तोंड जाहिरातवाल्यानं रंगवलेलं असतं. पाठ वाचायची. आणि ज्याला पाठ नाही ते पोरीला द्यायचं नाही, निदान तुझा हात बसेपर्यंत."

येताना तेच म्हणत आले. पाठ नाही तर द्यायचं नाही.


गुरुवार, ५ मार्च

दादाचा फोन. सासूबाईंनी सगळं सांगून टाकलेलं. ४६ सकट.

"चिंगे, पोरीला घेऊन इकडे ये. तुझी वहिनी दिवसभर घरीच असते."

"माझी नोकरी?"

"खड्ड्यात गेली नोकरी!"

"नोकरी खड्ड्यात गेली तर इन्सुलिन कुठून आणू?"

तर म्हणाला, "तुझा नवरा पाण्यावर, तू कामावर, आणि पोरीला टोचायचं अर्धवट शिकून—"

फोनच ठेवला मी. अर्धवट म्हणे! हे जहाजावर आहेत ते काय हौसेनं? जूनमध्ये येतील. तोवर महिन्यातून दोनदा आवाज ऐकू येतो, तोही खरखर. त्यांना ४६ चं सांगितलेलं नाही. पाण्याच्या मध्यावर बसून ते काय करणार, नुसता जीव टांगणीला.

पण शब्द लागला. कारण खरा होता.


शुक्रवार, ६ मार्च

आज एक डोकं चालवलं!

आमच्या कारखान्यात खाऊच्या वड्या होतात. खजुराच्या एक आणि बियांच्या एक. खजुराच्या गोड, पोरांसाठी. बियांच्या व्यायामवाल्यांसाठी, त्यात साखर नाही, कसलीतरी गोड पावडर असते. मी शेवटच्या टेबलावर. लेबलांचं भेंडोळं फिरतं, मी पाकिटाच्या पाठीवर चिकटवते. दिवसाला दोन हजार पाठी! आणि घरी येऊन पाकिटाची पाठ वाचता येत नव्हती मला. सांगायची लाज.

तर शुक्रवारी सुटताना फुटके तुकडे बायकांना वाटतात. पट्टा जिथे सुरू होतो तिथे कात्रीमावशी वड्या कापतात, तिथे एक डबा असतो, मोडलेलं सगळं त्यात. कोऱ्या पिशवीत भरून न्यायचं. मी आजवर न्यायची नाही – पाठ कुठेय त्याला? कोरी पिशवी!

आज दिवसभर खजुराच्याच वड्या चालल्या, त्या भेंडोळ्याचं शेपूट उरलं होतं, दोन-तीन लेबलं, ती तशीही फेकतात. एक सोललं आणि माझ्या पिशवीवर चिकटवलं. काट्यावर पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पुड्या बांधल्या कागदात, सहा. शंभराला ६४. पन्नासला ३२. दीड युनिट. झालं!

बायका हसायला लागल्या. "अगं, घरच्या पिशवीला लेबल! दुकान काढतेस काय?"

सुपरवायझर – शिट्टी वाजवून सुट्टी देतात म्हणून त्यांना शिट्टी म्हणतो आम्ही – ते पण बघून गेले. म्हणाले, "तारीख पण छाप, खपेल." हसण्यावारी नेलं, नशीब! फोनवरून चिडतात तसे चिडले नाहीत. मागे एकीचा फोन खजुराच्या लगद्यात पडला तेव्हापासून सगळ्यांचे फोन फाटकावरच्या कपाटात, कुलपात. शिफ्ट संपेपर्यंत तोंड बघायचं नाही.


शनिवार, ७ मार्च

पुडी दिली. दीड टोचलं. दोन तासांनी १२४! नाचले.


सोमवार, ९ मार्च

आठवडा नीट चाललाय. ११८, १४०, १०९. कालच्या पुडीनंतर १३१.

दुकानात एक रसाचा डबा होता, पुढे मोठ्या अक्षरात – साखर घातलेली नाही. खारूनं मिठीच मारली त्याला. मी उलटा केला. ग्लासाला २६! घातलेली नाही, पण आहे ना आत! दुकानदाराला म्हटलं, "हे काय हो?" तो म्हणाला, "ताई, मी विकतो, मी वाचत नाही."

सासूबाईंना आता नाद लागलाय. सगळे डबे उलटे करतात. डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी नाकाला लावून. काल मिठाचा पुडा घेऊन आल्या. "अगं, यात कर्बोदकं शून्य! हे कितीही दे पोरीला!" खारू खदाखदा हसली. किती दिवसांनी.

पण सुई मात्र नाही टोचत त्या. "तू मला विहिरीत ढकल, पण तिला टोचायला सांगू नकोस." म्हणून मीच दुपारच्या सुट्टीत पळत घरी येते, टोचते, भरवते, पळत जाते. बारा मिनिटं जायला, बारा यायला. स्वतःचं जेवण रस्त्यात, हातात.


बुधवार, ११ मार्च

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन शनिवारी. मोतीबिंदू. नंबर अचानक लागला, आत्ता सोडला तर पुढचा पावसाळ्यानंतर. आठ दिवस पट्टी, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. एकटीला बसता येईल, शेजारीण बघेल. पण खारूला कशी सांभाळणार? घाम फुटलाय पोरीला हे त्यांना दिसणार पण नाही.

शिट्टीकडे रजा मागितली. "चार जणी आधीच रजेवर. तू गेलीस तर तुझ्या जागी मी बसू का लेबलं चिकटवत?" एक दिवस देतो म्हणाले, शनिवारचा. बाकी नाही. गेलीस तर परत यायचं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "राहू दे ऑपरेशन. पावसाळ्यानंतर बघू." गेल्या आठवड्यात त्या गरम पातेल्याच्या कडेला हात लावून बसल्या होत्या, दिसलं नाही म्हणून. नाही, ऑपरेशन करायचंच.

मग राहिलं कोण?

अर्धा तास फोन हातात धरून बसले. शेवटी लावला.

पहिल्या रिंगला उचलला. मी काही म्हणायच्या आत – "रविवारी येतो न्यायला."

"मी काही बोललेच नाही अजून."

"सासूबाईंनी सांगितलं सकाळी."

ह्या बाईच्या पोटात काही म्हणून राहत नाही! आणि मला रडू आलं. बरं वाटलं म्हणून.


गुरुवार, १२ मार्च

बरं वाटलं ते रात्रीपुरतं. दादाचं गाव बसनं दोन तास आणि वर. वहिनी चांगली, पण तिला सुईची भीती. दादाच टोचणार. दादाचे हात म्हणजे हातोडे.

आठ दिवस. दिवसाला चार वेळा. म्हणजे बत्तीस वेळा कोणीतरी माझ्याशिवाय पोरीला टोचणार.


शुक्रवार, १३ मार्च

आज दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. दादाकडे काय-काय पाठवायचं त्याचीच यादी डोक्यात. इन्सुलिनची पेनं दोन. सुया. साखर बघायच्या पट्ट्या. साखरेची पुडी वेगळी, लाल दोऱ्यानं बांधलेली, साखर उतरली तर ती आधी.

सुटताना पिशवी भरली. सकाळी खजुराच्या वड्या चालल्या, त्या भेंडोळ्याचं शेपूट मी जपून खिशात ठेवलं होतं. तेच चिकटवलं. ह्या वेळी आठ पुड्या, रोज चारला एक. पन्नास ग्रॅम, ३२, दीड युनिट. प्रत्येक पुडीवर पेनानं पण लिहिलं – दीड. दादाला विचार करायला लागू नये.

"दुकान जोरात आहे गं!" – परत हसल्या बायका. हसू देत. लेबल असलेली पिशवी बघितली की मला शांत वाटतं. बाकी कशाचा भरवसा नाही, पण छापलेलं आहे, माझ्या हातातून गेलेलं आहे.


शनिवार, १४ मार्च

ऑपरेशन झालं. वीस मिनिटंच! पट्टी बांधून बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न – "खारूची साखर किती?"

११२.


रविवार, १५ मार्च

दादा अकरा वाजता आला. आल्या आल्या खारूला खांद्यावर. ती त्याच्या डोक्यावरचे केस दोन्ही हातांनी धरून बसली. "मामा, तुझे केस कमी झाले!" "तुला धरायला पुरतील तेवढे ठेवलेत बाई."

दोन तास शिकवणी. त्याच्यावर मी जशी ओरडले तशी नर्सबाई माझ्यावर कधी ओरडल्या नाहीत. आधी स्वतःच्या पोटावर टोचून बघितलं त्यानं, रिकामी सुई. "मुंगी पण याहून जोरात चावते!" म्हणाला, पण कपाळावर घाम.

मी पाकिटाची पाठ समजवायला बसले. तो हसतोय!

"अगं, हे मला कळतं. मोटारीवर पण अशीच पाटी असते. किती व्होल्ट, किती फेरे. जळलेली मोटार आली की मी आधी पाटी पुसतो. गिऱ्हाईक काय वाटेल ते सांगतं, मी ऐकत नाही. पाटीवर असेल ते खरं."

एवढं सहज! मला इतके दिवस लागले, ह्याला पाच मिनिटं. मोटारी बांधतो, तांब्याची तार ग्रॅमवर तोलतो, त्याला काय! तारेचा छोटा काटा पण बरोबर आणला होता. माझी एक पुडी ठेवली त्यावर. एकोणपन्नास. "चिंगे, एक ग्रॅम मारलास!" खूप हसलो. कितीतरी दिवसांनी दादा आणि मी असे हसलो. मागचं कोणीच काढलं नाही.

मग मी विचारलं, "चारला काय?"

"एक पुडी. आधी बोट टोचून साखर बघायची. मग दीड. मग पुडी. मग वर्कशॉपच्या मागे खेळायला."

"चार म्हणजे चार हं."

"तुला माहितेय ना मला."

माहितेय. दादाच्या चहाच्या वेळेवर लोक घड्याळं लावतात.

एक पन्नासच्या बसनं गेले. बसमध्ये पुडी-बिडी नको, सांडवेल म्हणून एक सफरचंद दिलं बरोबर, त्याचं युनिट लिहून. खिडकीतून हात हलवत होती. बस वळली तरी मी तिथेच.

संध्याकाळी फोन केला. १२७. जेवली. वहिनीच्या मांडीवर झोपली. दादा म्हणाला, "उद्यापासून तुझ्या पुड्या सुरू. आता तू पण झोप."


सोमवार, १६ मार्च

झोपले! सात तास! जाग आली तर हात रिकाम्या गादीवर. एकदम दचकले. मग आठवलं.

सकाळी फोन केला, १२१. दादानं स्वतःच टोचलं, रडली नाही म्हणे. उलट ह्यालाच म्हणाली, "मामा, डोळे मिटू नको."

सासूबाईंना चहा दिला, डोळ्यात थेंब घातले. वही जेवणाच्या पिशवीत टाकलीय, दुपारी आकडा मांडायला.


सोमवार, दुपारची सुट्टी

आज पहिल्यांदा सुट्टीत इथेच बसलेय. घरी पळायचं नाही. किती मोठी असते ही सुट्टी! बायका रोज एवढ्या गप्पा मारतात हे मला माहीतच नव्हतं. भिंतीला टेकून बसलेय, पाय लांब करून. शेजारी कात्रीमावशी. सकाळचा १२१ रकान्यात मांडला. हे पान लिहितेय तर डोकावून विचारतात, "नवऱ्याला पत्र का?" म्हटलं, नाही हो, असंच.

त्या म्हणतायत, पोरगी कशी आहे. म्हटलं, मामाकडे मजेत. शुक्रवारच्या पुड्या दिल्यात बरोबर.

म्हणाल्या, "बरं केलंस. बियांचं तसं पौष्टिक."

मी म्हटलं, बियांचं नाही, खजुराचं.

"खजुराचं कुठलं? शुक्रवारी सकाळी खजुराचा जेवढा फुटला तेवढा शिट्टीनं परत लगद्यात टाकायला लावला. माल कमी पडत होता ना. दुपारी पट्टा धुतला, बियांचं लावलं. डब्यात होतं ते सगळं त्या नंतरचं. मीच टाकलं की. दोन्ही कोकोनं काळंच असतं, तुला काय कळणार."

मी म्हटलं, नक्की का मावशी?

"अगं, माझ्या हातानं कापलंय."

बियांच्या लेबलावर शंभराला १८ आहे. पाठ आहे मला, पाठच्या पाठ. पन्नासला नऊ. नऊ! अर्धं युनिट पण जास्त. आणि प्रत्येक पुडीवर मी माझ्या हातानं लिहिलंय – दीड.

चारला.


सोमवार, एक वाजून बेचाळीस

फाटकावरचे काका, किंवा जो कोणी हे वाचेल –

फोनच्या कपाटाला कुलूप आहे. काका किल्ली घेऊन जेवायला गेलेत, सगळीकडे हाका मारून झाल्या. ऑफिस बंद. शिट्टी मालाच्या गाडीबरोबर बाहेर. एक पन्नासची बस चुकली तर पुढची साडेतीनला, म्हणून मी निघालेय. ही बस मला चारला सोडते, तिथून दादाचं घर दहा मिनिटं. तो चार म्हणजे चारलाच टोचतो. नंबर हातावर लिहून घेतलाय, बसमध्ये कोणाचा तरी फोन मागेन, पण मिळेल की नाही, लागेल की नाही. कात्रीमावशींना काकांना शोधायला पाठवलंय. वही उघडी ठेवून जातेय, पुढचं-मागचं काही वाचलं तरी चालेल.

नंबर ह्या पानाच्या खाली लिहिलाय, मोठ्या आकड्यांत. सांगा, पुडीवरचं दीड खोटं आहे. पिशवीवरचं लेबल खोटं आहे. चिंगीनं चिकटवलंय, चुकून. पुडी देऊ नको, टोचू नको. टोचलं असलं तर लाल दोऱ्याची पुडी सोड, साखरेचं पाणी पाज, तिला झोपू देऊ नको, पंधरा-पंधरा मिनिटांनी बोट टोचून बघ आणि दवाखान्यात ने. तो ऐकणार नाही, म्हणेल पाटीवर लिहिलंय. त्याला सांगा, पाटी मी लावलीय.

मोटारीच्या आवाजात त्याला रिंग ऐकू येत नाही. एकदा करून सोडू नका. उचलेपर्यंत करत राहा. चारच्या आत. माझ्या दादाला फोन करा.